भट्टीला रविवार नसतो

लोखंड वितळवणारी झोतभट्टी एकदा पेटली की वर्षानुवर्षे विझवत नाहीत. तिला सणवार ठाऊक नसतात, मग रविवार कुठून ठाऊक असणार? भिलाईत राहणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबांना ही गोष्ट फार लवकर कळते. उपासनेची वेळ झाली तरी कुणी सकाळच्या पाळीवर अडकलेला असतो, कुणी रात्रपाळी करून नुकताच डोक्यावर पांघरूण घेऊन झोपलेला असतो. बाकांवर या रविवारी जे चेहरे दिसतात, ते पुढच्या रविवारी दिसतीलच असे नाही. गावाकडे माणूस दोन रविवार दिसला नाही तर "आजारी आहे का?" म्हणून चौकशी होते. इथे आधी विचारतात, "पाळी कोणती आहे?"

१९५५ साली सोव्हिएत संघाशी करार झाला, १९५९ मध्ये पहिली भट्टी सुरू झाली आणि दुर्ग जिल्ह्यातल्या भाताच्या शेतांशेजारी सेक्टरांचे एक नवे नगर उभे राहिले. केरळातून, आंध्रातून, बंगालमधून, पंजाबातून माणसे आली. मराठी माणूसही आला, आणि त्याला तर हे फारसे परके वाटायचे कारण नव्हते. १९५६ पर्यंत दुर्ग ज्या प्रांतात होते त्याची राजधानी नागपूरच होती. नागपूरहून निघालेली गाडी अडीचशे-पावणेतीनशे किलोमीटरवर दुर्गला पोचते, वाटेत राजनांदगाव लागते. मराठी ख्रिस्ती घरांत त्या स्टेशनाला वेगळेच महत्त्व आहे. राजनांदगावच्या नोकरीवर निघालेल्या नारायण वामन टिळकांना आगगाडीतल्या एका गोऱ्या सहप्रवाशाने नवा करार वाचायला दिला होता. पुढे १८९५ साली मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि मराठी मंडळ्यांना त्यांचा कवी मिळाला. लक्ष्मीबाईंचे 'स्मृतिचित्रे' ज्यांनी वाचले आहे त्यांना त्या काळाची किंमत त्या माउलीने कशी मोजली तेही ठाऊक असेल.

भिलाईत आलेल्या मराठी ख्रिस्ती कुटुंबांची मुळे बहुधा दोन ठिकाणी सापडतात. एक नागपूर. तिथे स्टीफन हिस्लॉप १८४५ साली स्कॉटलंडच्या फ्री चर्चतर्फे आले. शाळा काढली, दगडांचा आणि जीवाश्मांचा अभ्यास केला आणि १८६३ साली नदीच्या पुरात बुडून गेले. त्यांच्या नावाचे कॉलेज आजही नागपुरात आहे. दुसरे मूळ कोल्हापूर-मिरजेचे. रॉयल वाइल्डर १८५२ साली कोल्हापुरात आले, १८७० साली ते काम अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनकडे गेले, आणि १८९४ साली डॉ. विल्यम वॉनलेस यांनी मिरजेत दवाखाना उभारला. मिरजेच्या मिशन इस्पितळात परिचारिकेचे शिक्षण घेतलेल्या मुली देशभर पांगल्या. लग्न होऊन थेट पोलादनगरीत आलेली अशी एखादी मिरजेची सून डोळ्यांपुढे आणावी, म्हणजे पुढची गोष्ट समजायला सोपी जाते.

ही सून पहिल्या रविवारी देवळात गेली तेव्हा तिला काय दिसले असेल? उपासना हिंदीत. शेजारच्या बाकावर छत्तीसगढी कुटुंब, ज्याच्या पणजोबांचा बाप्तिस्मा बिश्रामपूरला झाला होता. तिथे ऑस्कर लोअर यांनी १८६८ साली मिशन सुरू केले. मागे धमतरीकडचे मेनोनाइट. ते मिशन १८९९ च्या दुष्काळी दिवसांत आले. पलीकडे दक्षिण भारतातल्या संयुक्त चर्चमध्ये वाढलेले तमिळ आणि तेलुगू. सुरियानी परंपरेच्या मल्याळी लोकांच्या आपापल्या मंडळ्या. तिची "प्रेस्बिटेरियन मंडळी" नावाची पाटी कुठेच नव्हती. आणि तरी थोड्याच दिवसांत तिच्या ध्यानात आले, की माहेरची बरीचशी रीत इथे आहे, फक्त पाटी बदललेली आहे.

पाटी कशी बदलली ती हकिगत मोठी आहे, थोडक्यात सांगायची तर अशी. देशातल्या वेगवेगळ्या प्रेस्बिटेरियन मंडळ्या १९०४ साली एका संस्थेत आल्या. १९२४ साली त्यांच्यापैकी बहुतेकांनी काँग्रिगेशनल मंडळ्यांशी हात मिळवून उत्तर भारताची संयुक्त मंडळी स्थापली. त्यामुळे अहमदनगरची आणि कोल्हापूरची परंपरा कागदोपत्री एका घरात आली. टिळकांची गीते मात्र आधीच दोन्हीकडे गायली जात होती, त्यांना कुणाच्या ठरावाची गरज पडली नव्हती. १९२९ साली आणखी मोठ्या एकीची बोलणी सुरू झाली, ती एकेचाळीस वर्षे चालली, आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा मंडळ्या मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया अस्तित्वात आली. एक मोठी मेथॉडिस्ट मंडळी अगदी शेवटच्या घटकेला बाजूला झाली. ईशान्येकडच्या खासी आणि मिझो टेकड्यांतल्या प्रेस्बिटेरियनांनी तर आपले नाव आणि आपली संस्था आजतागायत वेगळीच ठेवली आहे. पोलादनगरीत 'युनियन' म्हटले की लोकांना बोनस आणि संप आठवतो. चर्चच्या युनियनमध्ये बोनस नव्हता, घासाघीस मात्र तितकीच होती.

सर्वांत अवघड प्रश्न बाप्तिस्म्याचा होता. तान्ह्या मुलाला द्यायचा, की माणूस जाणता होऊन स्वतः विश्वास कबूल करील तेव्हा? प्रेस्बिटेरियन पहिले मानणारे, बाप्टिस्ट दुसरे. तोडगा असा निघाला की दोन्ही रीती मान्य. कागदावर हे एका ओळीत आटोपते. घरात तसे आटोपत नाही. नवरा एका रीतीत वाढलेला, बायको दुसऱ्या, आणि पाळण्यात मूल. दोन्हीकडच्या आज्या पत्रे पाठवीत राहतात. अशा वेळी बिशपचा आदेश उपयोगी पडत नाही, घरी येऊन चहा पिणारा वडील उपयोगी पडतो.

'वडील' हा शब्द इथे नीट समजून घ्यायला हवा. प्रेस्बिटेरियन हे नावच ज्येष्ठ किंवा वडील या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आले आहे. कारभार एकट्या पाळकाच्या हाती नसावा, मंडळीने निवडलेल्या वडीलजनांनी पाळकाच्या जोडीने तो पाहावा, ही त्या परंपरेची खरी ओळख. वडील म्हणजे कुणी धर्मशास्त्र शिकलेला पंडित नव्हे. तो शाळामास्तर असतो, रेल्वेतला गार्ड असतो, कोल्हापूरच्या बाजूला ऊस लावणारा शेतकरी असतो. तिकडच्या खेड्यांत एका पाळकाकडे अनेक गावे, त्यामुळे तो प्रत्येक रविवारी प्रत्येक ठिकाणी पोचणे शक्यच नाही. प्रभुभोजन आणि बाप्तिस्मा त्याच्या येण्यासाठी थांबतात. प्रार्थना, शास्त्रपाठ, आजाऱ्याची भेट, भावाभावांतली बांधावरची भांडणे हे सगळे वडील निभावतात. गंमत म्हणजे नव्या संयुक्त चर्चमध्ये दीक्षित पाळकालाच 'प्रेस्बिटर' म्हणू लागले. शब्द पाळकाकडे गेला, काम मात्र पुष्कळसे जुन्या वडिलांकडेच राहिले.

भिलाईसारख्या गावात तर ते राहणारच. इथे पाळकाची बदली होते, कामगाराची पाळी बदलते, शेजारी बदलतो. अशा ठिकाणी मंडळीचे काम म्हणजे खरोखर पाळ्या लावण्याचेच काम आहे. सकाळच्या पाळीवरून सुटलेला माणूस दुपारी सेक्टर नऊच्या इस्पितळात जाऊन आजाऱ्याजवळ बसणार, दुसऱ्या पाळीवर जाणारा सकाळी रविवारच्या शाळेची पोरे सांभाळणार, रात्रपाळीवाल्याच्या घरी त्याची बायको एकटी असेल तर शेजारच्या दोघी सोबतीला जाणार. बुधवारची घरगुती प्रार्थनासभा आज मराठी घरी असेल तर पोहे, उद्या मल्याळी घरी असेल तर अप्पम. नाताळात करंज्यांच्या ताटात छत्तीसगढी अइरसा येतो, आणि मिरजेची सून तो चाखून म्हणते, "अगोबाई, हा तर आपला अनारसाच!" ठेठरी आणि खुरमीची दोस्ती चकली-शंकरपाळ्यांशी जमायला तर वेळच लागत नाही.

बायकांनी चालवलेला आणखी एक प्रकार सांगायला हवा. मिझोरमच्या प्रेस्बिटेरियन घरांत १९१० पासून रीत आहे: स्वयंपाकाला तांदूळ घेताना एक मूठ बाजूला काढायची आणि तो तांदूळ मंडळीच्या कामासाठी द्यायचा. पैसा हाती नसलेल्या बाईलाही देणगीदार होता यावे अशी ही युक्ती. मुठीच्या धान्याची अशी रीत देशातल्या इतरही मंडळ्यांत आढळते. छत्तीसगढ म्हणजे भाताचे कोठार. इथल्या बाईला मूठभर तांदळाचे मोल कुणी समजावून सांगायला नको. बिशप, सभा, ठराव यांच्या इतिहासात ही मूठ फारशी दिसत नाही, आणि ही त्या इतिहासाची मोठीच उणीव म्हणायला हवी.

आता सगळे गोडच चालते असे मात्र नाही. हिशेबावरून रुसवे होतात. वडीलमंडळाच्या निवडणुकीत अमक्या भाषेचे इतके आणि तमक्या भाषेचे तितके अशी मोजणी होते. आपल्या भाषेची वेगळी उपासना हवी असा आग्रह धरला की उरलेल्यांना वाटते, हे फुटून निघणार. नाही धरला तर म्हाताऱ्या आईला हिंदी प्रवचन अर्धेच कळते. या वादात दोन्ही बाजू खऱ्या आहेत. दुःखाच्या वेळी माणूस शिकलेल्या भाषेत रडत नाही. आईच्या मृत्यूनंतर कानावर पडणारे शास्त्रवचन मराठीतच असावे, असे वाटणाऱ्या मुलाला कुणी संकुचित म्हणू नये.

मृत्यूचा विषय निघाला म्हणून आणखी एक. नगरात वसलेल्या माणसाला पिढीजात कबरस्तान नसते. खांदा द्यायला भाऊबंद नसतात, ते शेकडो मैलांवर. त्या दिवशी पेटी उचलणाऱ्या सहा जणांत चार भाषा असतात, आणि तेव्हा कोण तान्हेपणी बाप्तिस्मा घेतलेला नि कोण जाणतेपणी, हे कुणी विचारत नाही. याच राज्यात बस्तरमधल्या एका गावी एका पाळकाचे दफन गावात करू द्यायचे की नाही, यावरून प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. जानेवारी २०२५ मध्ये दोन न्यायमूर्तींचे मत वेगवेगळे पडले, आणि शेवटी दूरच्या ख्रिस्ती कबरस्तानात दफन करण्याचा आदेश झाला. मृतदेह तोवर काही आठवडे शवागारातच होता. कबरीची जागा ही मंडळीच्या दृष्टीने किरकोळ बाब नाही, हे त्यावरून उमजावे.

भिलाईतल्या मंडळ्यांची खरी चिंता मात्र वेगळीच आहे. इथे नोकरी संपली की क्वार्टर सोडायची वेळ येते. तीस-पस्तीस वर्षे वडील म्हणून राबलेला माणूस नेमका ज्या वयात खऱ्या अर्थाने वडील होतो, त्याच वयात त्याचे सामान ट्रकवर चढते. कुणी नागपूरला, कुणी मिरजेला, कुणी मुलाकडे पुण्याला. मुले तर केव्हाच बाहेर पडलेली. कोणत्या घरी मधुमेह आहे, कोणाचे कोणाशी बोलणे बंद आहे, कोणत्या विधवेला मागूनही मदत घ्यायला संकोच वाटतो, ही वही कुठे लिहिलेली नसते. ती त्या माणसाबरोबर गाडीत बसून निघून जाते. ज्यांनी गावातच घर बांधले त्यांच्यावर मग दुप्पट भार येतो, आणि सत्तरीतला म्हातारा स्कूटर काढून तीन सेक्टर फिरतो.

मिरजेच्या सुनेने असे पुष्कळ ट्रक निघताना पाहिलेले असतात. तिच्या घरात 'उपासना संगीत'ची जुनी प्रत आहे. नाताळच्या आधी ती रविवारच्या शाळेतल्या मुलांकडून एखादे मराठी गीत बसवून घेते. लिपी एकच असल्यामुळे हिंदी शाळेतली पोरे ते सहज वाचतात, अर्थ कळो न कळो. अडचण एकाच अक्षराची. तिचा स्वतःचा नातू, भिलाईत जन्मलेला, ठासून "मंडली" म्हणतो. कितीही वेळा सांगा, 'ळ' काही त्याच्या जिभेवर बसत नाही. शेजारच्या बाकावरची मल्याळी मुलगी मात्र पहिल्याच खेपेला स्वच्छ "मंडळी" म्हणते. तिच्या भाषेत 'ळ' आहे ना! मग आजी नातवाला तिच्या शेजारी बसवते आणि म्हणते, "हिच्याकडून शीक."