सरकीवरची लव

एक दहा काहीच सिद्ध करत नाही. निशाणाच्या मधोमध पडलेलं एकटं छिद्र पाहून बघे टाळ्या वाजवतात. नेमबाज दुसऱ्या गोळीची वाट बघतो, मग तिसरीची, चौथीची. त्या सगळ्या पहिलीला खेटून बसल्या, छिद्रात छिद्र मिसळून कागदाला एकच फाटकं तोंड उरलं, म्हणजे त्याला हायसं वाटतं. तो घोळका मध्यापासून चार बोटं डावीकडे असला तरी बिघडत नाही. साइटचा स्क्रू फिरवला की तो मध्यावर येतो. विखुरलेल्या गोळ्या गोळा करणारा स्क्रू मात्र कुठल्याच रायफलीला नसतो.

हे मला परभणीत, कॉलेजच्या एनसीसीत कळलं. जुनी, जड .22 रायफल, 25 यार्डांवर टांगलेला कागद, पोटाखाली सतरंजी आणि प्रत्येकाला मोजून 5 गोळ्या. आमचे उस्ताद साताऱ्याकडचे होते. "टिकलीकडं नंतर बघू," ते म्हणायचे, "आधी पाची एका घरात आण." फायरिंग थांबलं, रायफली रिकाम्या झाल्याची खात्री झाली, की ते स्वतः चालत जाऊन कागद सोडवून आणत. खिशातली लोखंडी पट्टी काढत, सगळ्यांत लांबच्या दोन छिद्रांवर ठेवत, डोळा बारीक करत, आणि मधलं अंतर वहीत लिहीत. नाव आणि अंतर, बस. कुणाची गोळी टिकलीला लागली याचा रकानाच त्या वहीत नव्हता. शाबासकीच्या बाबतीत इतका न्यायी कागद मी पुढे फारसा पाहिला नाही. तिथे नशिबाला गुण नव्हते. एकदा जमलं ते पुन्हा जमतं का, एवढंच विचारलं जात होतं.

श्वास अर्धा सोडून थांबवणं, चापावर बोट न ओढता दाबत नेणं, दांडा दर वेळी खांद्याच्या त्याच खळीत टेकवणं हे सगळं माणसाच्या हातातलं. सरावाने साधतं. पण गोळी नळीत शिरली की पुढचा कारभार तिचा. दोन काडतुसांत दारू केसभर कमीजास्त असली, गोळी किंचित तिरकी बसली असली, तर हात दगडासारखा स्थिर राहूनही कागदावर दोन छिद्रं दोन ठिकाणी पडतात. आणि नेमबाज बिचारा आपल्याच श्वासाला दोष देत राहतो. या खेळाचा हा भाग मला सगळ्यांत जास्त खेचतो: शरीराची शिस्त पुरी झाल्यावर वस्तूची शिस्त सुरू होते.

अमेरिकेत, ब्रिटनमध्ये लांब पल्ल्याची नेमबाजी करणारे पुष्कळ जण आपली काडतुसं कायद्याला धरून घरीच भरतात. त्यांचं काम सोनाराच्या पेढीवर शोभेल असं असतं. आपल्याच रायफलीतून एकदा उडालेली पितळी पुंगळी ते जपून ठेवतात, कारण स्फोटाच्या दाबाने फुगून तिने त्या एकाच रायफलीच्या घराचा आकार घेतलेला असतो. पुंगळ्या तोलून एका वजनाच्या बाजूला काढतात. पुंगळीच्या तोंडाची गोळीवरची पकड सगळीकडे सारखी राहील असं बघतात. गोळी किती खोल बसवायची, म्हणजे तिचा खांदा नळीतल्या आट्यांपासून किती दूर राहील, हे मिलिमीटरच्या बारीक अंशात ठरवतात. दारू तोलायची ती ग्रेनमध्ये. एक ग्रेन म्हणजे सुमारे 65 मिलिग्रॅम, आपल्या गुंजेच्या जवळपास निम्मा. त्या ग्रेनचाही दहावा हिस्सा काट्यावर बघायचा. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दारू बदलली तर खोली तीच ठेवायची, खोली बदलली तर दारू तीच, नाहीतर सुधारणा कशाने झाली ते कधीच कळत नाही.

या शोधात एक मोठं शहाणपण आहे. दारूचं माप सुरक्षित मर्यादेत टप्प्याटप्प्याने बदलताना जाणता माणूस सगळ्यांत लहान घोळका शोधत बसत नाही. एका मापाला घोळका अगदी मिटून येतो आणि त्याच्या शेजारच्या मापाला उधळतो, असं माप तो सोडून देतो. त्याला असा पट्टा हवा असतो, की जिथे माप जरासं इकडेतिकडे झालं तरी गोळ्या जागा सोडत नाहीत. बार उडताना नळी थरथरते. त्या थरथरीच्या वळणावर, जिथे तोंड क्षणभर मंदावतं, तिथे गोळी बाहेर पडत असावी, अशी याची फोड करतात. मला त्यातली वृत्ती भावते. आपल्याकडून लहान चुका होणार हे धरून चालायचं, आणि त्या पोटात घेणारी जागा शोधायची.

या वेडाचा मूळपुरुष कोणाला म्हणायचं यावर वाद होतील. माझं मत फ्रँकलिन मान यांना. मॅसॅच्युसेट्समधले डॉक्टर. माणसाच्या हाताचा दोष मोजमापात येऊ नये म्हणून त्यांनी जमिनीत भक्कम चौथरा उभारून त्यावर नळी पक्की बसवली आणि वर्षानुवर्षं गोळ्या झाडून नोंदी केल्या. 1909 साली त्यांचं पुस्तक आलं. त्यांनी मुद्दाम गोळ्या बिघडवून पाहिल्या होत्या. नाक चेपलेली गोळी बऱ्यापैकी सरळ जाते. बूड दुखावलेली गोळी भरकटते. नळीच्या तोंडातून गोळी सुटते त्या क्षणी मागचा वायू बुडाला चहूबाजूंनी सारखा ढकलतो की नाही, यावर पुढचा सगळा प्रवास ठरतो. बघणाऱ्याचं लक्ष नाकाकडे असतं, आणि भवितव्य ठरतं बुडाशी.

आपल्याकडे हा उद्योग घरी करता येत नाही. 1959 च्या शस्त्र अधिनियमाप्रमाणे परवान्याशिवाय काडतूस बनवणं गुन्हा आहे, आणि ते योग्यच आहे. ऑलिंपिकच्या 50 मीटर प्रकारातलं .22 काडतूस तर परदेशातही कुणी घरी भरत नाही. त्याला वेगळी टोपी नसते. ठिणगी देणारं मिश्रण पुंगळीच्या तळाच्या पोकळ कडेत, गरगर फिरवून पसरवलेलं असतं. घोड्याचा आघात झाला की ती कडा चेपते आणि पुंगळी कायमची बाद होते. शिशाची गोळी 40 ग्रेनची, म्हणजे साधारण 2.6 ग्रॅम, एकवीसेक गुंजा. वरून मेणाचा हात. वेग ध्वनीच्या जरा खाली ठेवलेला, कारण ध्वनीचा उंबरठा ओलांडताना बसणारे हेलकावे तिला सोसत नाहीत.

बनवता येत नाही म्हटल्यावर उरतं ते निवडणं. ब्रिटनची एली, जर्मनीची आरडब्ल्यूएस, फिनलंडची लापुआ या कंपन्यांच्या उत्तम काडतुसांच्या खोक्यांवर लॉट नंबर छापलेला असतो. कारखाना तोच, कृती तीच, यंत्र तेच. तरी मिश्रणाचा घाणा बदलतो, साचा झिजतो, आणि एक लॉट दुसऱ्याची हुबेहूब नक्कल होत नाही. त्यात प्रत्येक नळीची आवड निराळी. एका रायफलीत मोहरीएवढा घोळका देणारा लॉट शेजारच्या रायफलीत सैरावैरा पळतो. म्हणून जर्मनीत शोनेबेकला लापुआचं चाचणी केंद्र आहे. तिथे रायफलीचा दांडा काढून नळी शिकंजात आवळतात, एकेका लॉटच्या गोळ्या झाडतात, आणि कुठला आपला ते ठरवतात. एका लॉटवरून दुसऱ्यावर जाताना नळीत आधीच्या मेणाचा थर असतो. नव्या मेणाचा थर बसेपर्यंतच्या गोळ्या हिशेबात धरायच्या नसतात. एवढा सोस केल्यावर पसंत पडलेला लॉट शक्य तितका विकत घेऊन ठेवायचा. कारण तो संपला की संपला.

मृगाच्या आधी आमच्याकडे गावोगाव घरचं सोयाबीन असंच तपासतात. पोत्यातून 100 दाणे सरसकट उचलायचे, निवडून चांगले घ्यायचे नाहीत, आणि ओल्या गोणपाटात ओळीने मांडून गुंडाळी सावलीत ठेवायची. 70 किंवा त्याहून जास्त उगवले तर ते पोतं पेरायचं. तपासलेले दाणे गेलेच. त्यांनी उरलेल्या पोत्याची साक्ष द्यायची.

1 ऑगस्ट 2024 ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये, कोल्हापूरच्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे 50 मीटर थ्री पोझिशनच्या अंतिम फेरीत उतरला, तेव्हा मी पडद्यासमोर हात जोडून बसलो होतो. गुडघ्यावर, पोटावर, मग उभ्याने. दहाचं वर्तुळ 10.4 मिलिमीटर रुंद, करंगळीच्या नखाएवढं. त्याच्या 44 गोळ्या झाल्या तेव्हा बेरीज 451.4 होती आणि कांस्यपदक पक्कं झालं होतं. भागाकार केला तर दर गोळीला 10.26 येतात. या सरासरीपुढे मी नतमस्तक होतो. तिच्यामागे दीपाली देशपांडे यांच्यासारख्या प्रशिक्षकांनी घालवलेली वर्षं आहेत, आणि त्याआधी 14 वर्षं म्युनिकला पोटावर झोपून 597 गुण करत विश्वविजेती झालेली कोल्हापूरचीच तेजस्विनी सावंत आहे.

आणि त्या प्रत्येक बारात कापूस आहे. ही गोष्ट परभणीत वाढलेल्या माणसाने सांगायलाच हवी.

मानवतच्या, सेलूच्या जिनिंगमध्ये कापसातून सरकी निघते तेव्हा ती नागडी नसते. रुई ओढून घेतल्यावरही तिच्या अंगावर राखाडी, जराशी हिरवट झाक असलेली आखूड लव उरते. मूठभर सरकी हातात घेतली तर दाणे सुटे पडत नाहीत, एकमेकांना धरून राहतात. म्हणूनच पूर्वी पेरणीआधी सरकी शेणकाल्यात घोळून, बाजेवर चोळून, वाळवून घेत. लव अंगाला चिकटली की दाणा दाण्यापासून अलग होई आणि पेरणाऱ्याच्या बोटांतून सरळ घसरे. माझ्या आजीचे तळहात त्या चोळण्याने खरखरीत झालेले होते. आमच्या लेखी ती लव म्हणजे अडचण. चोळून घालवायची गोष्ट.

तेलगिरणीत यंत्राने खरवडून काढली की तिचं लिंटर होतं. जवळपास शुद्ध सेल्युलोज. त्यातून वैद्यकीय कापूस होतो, नोटांचा कागद होतो, आणि नायट्रिक व सल्फ्युरिक आम्लांत भिजवलं की नायट्रोसेल्युलोज, बिनधुराच्या दारूचा पाया. 1846 मध्ये बासेलच्या शोनबाइन यांनी हे घडवलं तेव्हा जग चकित झालं, कारण आम्लातून धुऊन वाळवलेला कापूस दिसायला कापूसच राहिला होता. ठिणगी लागली की मात्र धूर न करता भक्कन नाहीसा होई. तो फार उतावळा जळे. कारखाने उडाले, माणसं गेली. 1884 साली फ्रान्सच्या पॉल व्हिएल यांनी त्याला विरघळवून, लगद्याचे पातळ पापुद्रे लाटून, वाळवून तुकडे केले, आणि जळण्याचा वेग माणसाच्या मुठीत आला. तुकड्याचा आकार सारखा तर जळणं सारखं, जळणं सारखं तर दाब सारखा, दाब सारखा तर गोळीचा वेग सारखा. उस्तादांच्या वहीतल्या लहानशा आकड्यापासून निघालं तर माग असा मागे मागे जात सरकीवरच्या लवेपाशी पोचतो.

महाराष्ट्रात ही दारू भंडाऱ्याजवळ जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत बनते. 24 जानेवारी 2025 ला तिथे स्फोट झाला आणि कामगार दगावले. कापसाला आवर घालण्याचं काम आजही माणसंच आपल्या जिवावर करतात, हे पदकाच्या आनंदात विसरून चालणार नाही.

उन्हाचाही हिशेब आहे. तापलेली दारू वेगाने जळते. आमच्या मे महिन्यात, पारा 43-44 वर असताना, काडतुसांचं खोकं उन्हात राहिलं तर सकाळचा घोळका दुपारी वरखाली पसरतो. म्हणून खोकं सावलीत ठेवायचं आणि गरम नळीत गोळी भरून रेंगाळायचं नाही.

परभणी जिल्ह्यातल्या पोरापोरींनी या खेळात यावं, असं मला मनापासून वाटतं. 50 मीटरची रायफल, तिचा परवाना, परदेशी लॉट हे सगळं लांबचं आहे. 10 मीटरची एअर रायफल जवळची आहे, कारण 4.5 मिलिमीटरच्या, ठरलेल्या मर्यादेतल्या कमी ताकदीच्या एअर रायफलीला 2016 च्या नियमांत परवान्यातून सूट आहे. तिच्यात दारू नाही, दाबलेली हवा आहे, आणि तिच्या छर्ऱ्यांच्या डब्यांवर डोक्याचं माप लिहिलेलं असतं: 4.49, 4.50, 4.51. मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शाचा फरक. ज्या मुलीला यात गोडी असेल तिने तीन मापांचे तीन डबे आणावेत, रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवावी, एकाच दिवशी, एकाच बैठकीत तिन्हींचे घोळके काढावेत, पट्टीने मोजावेत आणि तारखेसकट वहीत लिहावेत. टिकलीला कुठली लागली ते लिहायची घाई करू नये.