अंग

आईचे ‘अंग’ बाहेर येते, हे आम्हां दोघी बहिणींना कळले तेव्हा त्या दुखण्याला बरीच वर्षे लोटली होती. गर्भाशय खाली सरकण्याला आमच्याकडे एवढाच शब्द. सारे शरीर सामावणाऱ्या त्या शब्दात एक दुखणेही बेमालूम लपते. होळीनंतर अमरावतीला शस्त्रक्रिया झाली. नळी काढल्यावर लघवी उतरेना, म्हणून ती पुन्हा घालावी लागली. सूज ओसरली, अडचण मिटली. आईला नांदगाव खंडेश्वरला आणून सोडले आणि आम्ही निश्चिंत झालो.

आईने मात्र पाणी पिणे कमी केले, तेही वऱ्हाडच्या उन्हाळ्यात. एस.टी. टाळली. श्रावणी सोमवारी खंडेश्वराच्या देवळात यायलाही नकार दिला. ‘गुडघे दुखतात,’ म्हणाली. आम्ही ते खरे मानले. त्याच संध्याकाळी भांडी घासताना, वर न पाहता तिने विचारले, “पयले आंग भाईर ये, आता खोकलली का पानी येते. मंग दुरुस्त काय केलं वं?”

डॉक्टरांनी समजावले. मूत्राशय खाली ओघळले की मूत्रमार्गाला बाक येतो आणि कधीकधी त्या बाकामुळेच गळती अडून राहते. अंग जागेवर बसवले की बाक सरळ होतो व आधीचाच सैलपणा उघडा पडतो. शस्त्रक्रिया फसली, असा याचा अर्थ नव्हे. लघवीच्या तपासणीत जंतुसंसर्ग निघाला नाही. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळण्या-सोडण्याचा व्यायाम त्यांनी शिकवला. त्याने न भागल्यास मूत्रमार्गाखाली आधारपट्टी बसवता येते, हेही सांगितले. हे सारे आधी का सांगितले नाही, असे विचारावेसे वाटले. पण आम्ही तरी आधी काय विचारले होते?

आम्ही दोघीही वर्गात स्त्रीवादी समीक्षा शिकवतो. ‘देह’ हा शब्द आमच्या व्याख्यानांत किती सहज येतो! डॉ. राणी व अभय बंग यांचा गडचिरोलीतील 2 गावांचा अभ्यास 1989 साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. तपासलेल्या स्त्रियांपैकी 92 टक्के स्त्रियांना स्त्रीरोग होते आणि जेमतेम 8 टक्के स्त्रियांची पूर्वी कधी तपासणी झाली होती. हे आकडे आम्ही विद्यार्थ्यांना ऐकवत आलो. राणीताईंच्या पुस्तकाचे ‘कानोसा’ हे नाव किती नेमके आहे, हेही सांगत आलो. घरातला कानोसा मात्र आम्ही घेतला नाही. शब्द आईजवळ होते, ऐकणारे नव्हते.

पुढच्या श्रावणात आई देवळात आली. गळती पुरती थांबली नव्हती, कमी झाली होती. पिशवीत जास्तीचे लुगडे होते. वाटेत तिने पाणी मागितले आणि पोटभर प्यायली.