एल्कहॉर्नकाठची काठी

अमेरिकेहून परत आलेल्या माणसाने नायगाऱ्याचा धबधबा आणि न्यूयॉर्कच्या उंच इमारती यांबद्दल बोलावे, अशी आपल्याकडे रीत आहे. यंदा उन्हाळ्याच्या सुटीत मीही त्या देशी जाऊन आलो. पण माझ्या वाट्याला आले केंटकी. हे नाव काढताच आमच्या स्टाफरूममधल्या एका प्राध्यापकांना तळलेली कोंबडी आठवली आणि दुसऱ्यांना घोड्यांच्या शर्यती. मला मात्र आता केंटकी म्हटले की एक काठी आठवते. मासे धरायची काठी. वाचकांनी हसू नये. या काठीपायी एका घरातली झोप उडाली होती.

माझे थोरले मावसभाऊ, ज्यांना आम्ही सगळे दादा म्हणतो, गेली तीस वर्षे लेक्सिंग्टन शहरात आहेत. हा सगळा मुलूख चुनखडीचा. त्या चुन्यातून झिरपलेले पाणी पिऊन आणि त्यावर वाढलेले गवत खाऊन इथल्या घोड्यांची हाडे बळकट होतात, असे इथले लोक अभिमानाने सांगतात. त्याच चुनखडीवरून एल्कहॉर्न नावाचा ओढा वाहतो. त्याच्या उत्तर आणि दक्षिण अशा दोन शाखा फ्रँकफर्ट या राजधानीच्या गावाजवळ एकत्र येतात आणि पुढे केंटकी नदीला मिळतात. 'ओढा' हा आपला शब्द. आपल्याकडे एवढ्या पाण्याला लोकांनी बिनदिक्कत नदी म्हटले असते आणि काठी एखादा घाटही बांधला असता. वॉल्ट व्हिटमनच्या कवितेत या एल्कहॉर्नचे नाव येते, एवढीच माझी त्याच्याशी आधीची ओळख.

आम्ही मूळचे मालवणकडचे. लहानपणी दादा खाडीवर गरवायला जात. एक बांबूची काठी, हातभर तंगूस, टोकाला गरी आणि शिशाचा गोळा, असा सगळा चार आण्यांचा संसार. अमेरिकेत गेल्यावर नोकरी, घर, मुले यांत दहा वर्षे गेली आणि मग एका रविवारी दादांना एल्कहॉर्न भेटला. त्यात 'बास' नावाचा मासा आहे. आपल्या रायगडातल्या जिताड्याला इंग्रजीत 'एशियन सी बास' म्हणतात. पण हे साम्य नावापुरतेच, कुळ निराळे. अमेरिकेतला बास गोड्या पाण्यातला. त्याच्या दोन मुख्य जाती: मोठ्या तोंडाचा बास तळ्यांतल्या शेवाळात आणि पाणवेलींत दडून राहतो, लहान तोंडाचा बास वाहते, थंड, खडकाळ पाणी पसंत करतो. एल्कहॉर्नमध्ये प्रसिद्धी आहे ती या दुसऱ्याची. रंग काशाच्या भांड्यासारखा, डोळे तांबडे आणि स्वभाव तापट. गळाला लागला की तो पाण्याबाहेर उडी घेतो आणि अंग झाडतो. या जातीचा आजवरचा सर्वांत मोठा मासा १९५५ साली केंटकी आणि टेनेसी यांच्या सीमेवरच्या डेल हॉलो तलावात मिळाला. वजन ११ पौंड १५ औंस. एल्कहॉर्नमधला मासा शेर-सव्वाशेराचा. पण त्याची ओढ अशी की धरणाऱ्याला तो म्हशीएवढा वाटावा.

गेल्या हिवाळ्यात दादांना अर्धांगवायूचा हलकासा झटका आला. चालणे-बोलणे महिन्याभरात पूर्ववत झाले. पण उजव्या हाताची पकड सैल झाली आणि अंगठ्याचे कसब गेले. अंगठ्याने बटण दाबता येई, पण नाजूक, अदमासाचे काम जमेना. वसंत आला, झाडांना पालवी फुटली, आणि दादांच्या काठ्या गॅरेजच्या भिंतीवर तशाच टांगलेल्या राहिल्या. मी गेलो तेव्हा वहिनी हळूच म्हणाल्या, "भाऊजी, हे रात्री उठून गॅरेजमध्ये जाऊन बसतात. तुम्ही जरा बोलून बघा."

अंगठ्याला एवढे महत्त्व का, हे कळायला आधी रीळ समजले पाहिजे. पतंगाची फिरकी डोळ्यांसमोर आणा. बास धरणाऱ्याचे नेहमीचे रीळ म्हणजे काठीवर बसवलेली छोटी फिरकी. आमिष फेकले की ते दोर ओढत जाते आणि फिरकी गरगर फिरते. आमिषाचा वेग हळूहळू मंदावतो. फिरकी मात्र त्याच वेगाने फिरत राहते आणि जास्तीचा दोर बाहेर टाकते. मग त्याचा असा गुंता होतो की इथले लोक त्याला पक्ष्याचे घरटेच म्हणतात. तो होऊ नये म्हणून फिरत्या फिरकीवर अंगठा अलगद टेकवून ठेवावा लागतो. फार दाबला तर आमिष जवळच पडते, कमी दाबला तर घरटे तयार. तबलजीच्या बोटांना जशी वर्षांची सवय लागते, तशी या अंगठ्याला लागते. दादांनी वीस वर्षे तो तयार केला होता.

शेजारी एक म्हातारबुवा राहतात. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले, ऐंशीच्या घरातले. आपल्या तळघरात ते काठ्या बनवतात. विकत नाहीत, माणसे बघून देतात. दादांनी त्यांच्याकडे जाणेच सोडले होते. मी एका संध्याकाळी "मला तुमची काठी बघायची आहे" असे म्हणून दादांना त्यांच्याकडे ओढून नेले.

म्हातारबुवांनी प्रकृतीची चौकशी केली नाही. त्यांनी टेबलावर दोन रिळे ठेवली. एक जुने, जर्मन सिल्व्हरचे, फ्रँकफर्टच्या मायलमचे. दुसरे पत्र्याच्या टोपीत बंद, मागे एक बटण असलेले. ते बघताच दादांचा चेहरा उतरला. मला मराठीत म्हणाले, "हे पोरांचं रीळ आहे. इथे पाच वर्षांच्या मुलाला हे देतात."

म्हातारबुवांना शब्द कळले नाहीत, पण सूर कळला असावा. ते सांगू लागले. लेक्सिंग्टनपासून वीसेक मैलांवर पॅरिस नावाचे छोटे गाव आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तिथे जॉर्ज स्नायडर नावाचा घड्याळजी होता. बासला आवडणारी जिवंत, हलकी मासोळी दूरवर फेकता यावी, म्हणून त्याने घड्याळाच्या चक्रांसारखी दातेरी चक्रे घालून रीळ केले. त्याच्यामागून फ्रँकफर्टच्या मीक बंधूंनी ती कला वाढवली, तेही घड्याळजीच. त्यांच्या हाताखाली शिकलेला बेंजामिन मायलम. मूठ एकदा फिरवली की फिरकी चारदा फिरावी, आणि तीही आवाज न करता, ही त्यांची कसोटी. केंटकीचे रीळ म्हणून ही कारागिरी देशभर गाजली. १८८१ साली जेम्स हेनशॉल नावाच्या डॉक्टरांनी बासवर एक मोठा ग्रंथच लिहिला. या रिळांच्या जोडीला आखूड आणि हलकी काठी हवी, असा त्यांचा आग्रह होता.

"आणि हे?" दादांनी बटणाच्या रिळाकडे बोट केले.

"हेही घड्याळजीचेच," म्हातारबुवा म्हणाले. टेक्सासमधला आर. डी. हल हा घड्याळे दुरुस्त करणारा गृहस्थ. फिरकीच्या गुंत्याला तोही कंटाळलेला. एकदा किराणा दुकानात पुडी बांधताना दुकानदाराने रिळाच्या टोकावरून सरसर दोरा ओढलेला त्याने पाहिला, अशी कथा सांगतात. रीळ जागेवर स्थिर, फिरतो तो फक्त दोरा! जे फिरतच नाही, ते गुंता काय करणार? १९४७ साली ही कल्पना घेऊन तो ओक्लाहोमातल्या टल्सा गावी एका कंपनीकडे गेला. ती कंपनी तेलविहिरींत वापरायचे वेळेवर फुटणारे बॉम्ब करीत असे. तिचे नावच 'झीरो अवर बॉम्ब कंपनी'. १९४९ साली तिने ते रीळ बाजारात आणले आणि पुढे नावाची आद्याक्षरे जुळवून ती 'झेबको' झाली. गंमत अशी की स्वीडनमधला जो कारखाना पुढे बासच्या रिळांसाठी नावाजला, तोही १९२१ साली खिशातली घड्याळे करण्यासाठीच निघाला होता.

म्हातारबुवांनी दोन्ही रिळे दादांपुढे सरकवली. "एक घड्याळजी म्हणाला, अंगठा तयार करा. दुसरा म्हणाला, अंगठ्याला सुटी द्या. मासा यातला कोणाचाही पक्ष घेत नाही."

दादा काही बोलले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते आपण होऊन तळघरात गेले.

काठी निवडताना दोन गोष्टी बघतात: ताकद आणि वाक. ताकद म्हणजे ती वाकवायला किती जोर लागतो. वाक म्हणजे ती कुठून वाकते. नुसते टोक वाकले तर काठी जलद. पार मुठीपर्यंत वाकली तर संथ. दादांच्या जुन्या काठ्या जलद होत्या. त्यांना मनगटाचा झटका लागतो. म्हातारबुवांनी मध्यम ताकदीची, निम्म्यातून वाकणारी, साडेसहा फुटांची पोकळ नळी निवडली. मनगटाने करायचे काम आता काठी करणार होती. मुठीचा मागचा भाग त्यांनी मुद्दाम लांब ठेवला, म्हणजे तो हाताखाली टेकून वजन कोपरावर येईल.

नळी कार्बनच्या धाग्यांची. त्यांच्याकडे एक जुनी, बांबूच्या सहा चिरफळ्या चिकटवून केलेली काठीही होती. तिचा बांबू कुठला, तर 'कलकत्ता केन'! चीनचा टोन्किन बांबू येण्यापूर्वी अमेरिकेतल्या नामांकित काठ्या कलकत्त्याहून आलेल्या बांबूच्या होत. पुढे १९४४ च्या सुमारास ओहायोतल्या आर्थर हॉवाल्ड या शास्त्रज्ञाच्या काठीचे टोक मोडले आणि त्याने ते काचेच्या धाग्यांनी तयार केले. तेथून बांबू मागे पडला. १९७० नंतर कार्बन आला. काठीने एवढी वंशावळ बदलली, पण तिला कणा असतो हे खरेच राहिले. नळीचे एक टोक जमिनीवर टेकवून मधोमध दाबून फिरवली, की ती एका ठरावीक अंगावर टुणकन येऊन थांबते. तो तिचा कणा. तो ओळखून मगच कड्या बांधायच्या; रिळाजवळची सर्वांत मोठी, टोकाकडे लहान होत जाणाऱ्या.

या कड्या दोऱ्याने बांधतात. दोऱ्याचा एक वेढा दुसऱ्याला चिकटून, मध्ये केसाचीही फट नको. दोऱ्याचा रंग वहिनींनी निवडला, मोरपंखी. आणि म्हातारबुवांनी इथे मास्तरकी दाखवली. "बांधायच्या तुम्ही," ते दादांना म्हणाले. डाव्या हाताने काठी फिरवायची, उजव्या हाताच्या चिमटीत दोरा ताणून धरायचा. पहिल्या दिवशी अर्धी कडीही झाली नाही. दोरा निसटे, वेढे एकमेकांवर चढत. म्हातारबुवा शांतपणे उसवत आणि पुन्हा सुरुवात करून देत. आठ कड्यांना तीन आठवडे लागले. पण पाचव्या कडीपासून वेढे सरळ येऊ लागले आणि जेवताना दादांचा घास उजव्या हाताने तोंडाकडे जाऊ लागला. डॉक्टरांनी सांगितलेला रबरी चेंडू तोवर कपाटात धूळ खात होता.

शेवटी दोऱ्यावर पाकासारखे घट्ट लुकण लावून काठी रात्रभर सावकाश फिरत ठेवली, म्हणजे ते एका बाजूला ओघळत नाही. त्यासाठी म्हातारबुवांनी कोंबडी भाजायच्या सळईची मोटर लावली होती! केंटकीत कोंबडीचा संबंध आला तो असा.

जूनच्या मध्यावर आम्ही एल्कहॉर्नवर गेलो. काठाला सिकमोरची पांढऱ्या बुंध्यांची झाडे, गुडघाभर नितळ पाणी, तळाचे सपाट दगड दिसत होते. दादा पाण्यात उतरले. मी आणि वहिनी काठावर. पहिली फेक जवळच पडली. दुसरी झाडात अडकली. वहिनी माझ्याकडे बघेनात. तिसऱ्या वेळी दादांनी मूठ कोपराखाली नीट टेकवली, बटण दाबले, काठी मागे नेली आणि पुढे आणताना अंगठा उचलला. आमिष ओढ्यापलीकडच्या खडकाशी जाऊन टपकन पडले. नुसती ती फेक बघून वहिनींच्या डोळ्यांत पाणी आले.

मासाही मिळाला, तासाभराने. वीतभर किंवा थोडा मोठा. त्याने दोनदा उडी घेतली, मोरपंखी कड्यांची काठी कमानीसारखी वाकली. दादांनी तो ओल्या हातात धरला, गळ सोडवला आणि परत पाण्यात सोडला.

"सोडायचाच होता तर धरला कशाला?" वहिनींतली मालवणी सुगरण बोललीच. "एवढ्यात छान तिखलं झालं असतं."

दादा हसले. "धरता येतो की नाही, तेवढंच बघायचं होतं."

दृष्टी अधू झाली की आपण चष्मा लावतो आणि त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. पण हात थकला, पाय थकले की हत्यार बदलायला मन तयार होत नाही. जुनेच हत्यार भिंतीवर टांगून आपण त्याच्याकडे बघत बसतो. शेजारी असा एखादा मास्तर असेल, जो आपला हात बघून काठी बनवील आणि ती बनवायला आपल्यालाच बसवील, तर माणसाने त्याच्या तळघराचा जिना जरूर उतरावा. निघताना दादांनी मला एक रीळ भेट दिले. बटणाचे नव्हे, ते त्यांना हवे होते. दिले ते त्यांचे जुने फिरकीचे. म्हणाले, "तुझा अंगठा अजून शाबूत आहे. तयार कर."