योगायोगांची मोजदाद

अमेरिकेच्या राजकारणात २०१७ च्या ऑक्टोबरपासून गूढार्थ शोधणाऱ्या वाचकांचे जे एक प्रचंड मंडळ उभे राहिले, त्याचा अभ्यास मी संख्याशास्त्राचा अध्यापक या नात्याने करीत आलो आहे. आणि तो करीत असता माझी अशी खात्री होत गेली की, संभाव्यतेच्या गणिताची निकड आज प्रयोगशाळेत किंवा विम्याच्या कचेरीत जितकी आहे, तीहून अधिक ती सामान्य नागरिकाच्या रोजच्या वाचनात आहे. केवळ यदृच्छेने काय काय घडू शकते याचा हिशेब मांडल्यावाचून, जे घडले त्यात कोणाचा हेतू आहे किंवा कसे, हे ठरविताच येत नाही.

५ ऑक्टोबर २०१७ रोजी लष्करी अधिकाऱ्यांच्या समवेत उभे असताना राष्ट्राध्यक्ष डॉनल्ड ट्रम्प, ही कदाचित वादळापूर्वीची शांतता असेल, अशा आशयाचे बोलले आणि त्याचा खुलासा त्यांनी केला नाही. त्याच महिन्याच्या २८ तारखेस फोरचॅन या निनावी संदेशफलकावर, पुढे ‘क्यू’ या एकाक्षरी सहीने प्रसिद्ध झालेल्या कोणा अज्ञाताने लिहावयास प्रारंभ केला. शासनाच्या अत्यंत गोपनीय दस्तऐवजांपर्यंत आपली पोच आहे असा त्याचा दावा होता, आणि हिलरी क्लिंटन यांच्यावर अटकेची कारवाई ओढवणार, हे त्याचे आरंभीचेच भाकीत होते. ती अटक झाली नाही. तथापि पुढील तीन वर्षांत त्याचे जवळजवळ ५,००० संदेश प्रसिद्ध झाले. अर्धवट वाक्ये, आद्याक्षरे, आकडे आणि उत्तरावाचून सोडून दिलेले प्रश्न, असे त्यांचे स्वरूप असल्यामुळे अर्थ पुरविण्याचे काम साहजिकच वाचकांकडे आले. दुसऱ्या बाजूस खुद्द राष्ट्राध्यक्षांच्या ट्विटर संदेशांचा पूर वाहत होता. त्यांच्या पहिल्या कारकिर्दीत या संदेशांची संख्या २५,००० च्या वर गेली. या दोन मजकुरांची रुजवात घालणे हाच हजारो लोकांचा नित्याचा उद्योग होऊन बसला. चुकीचे शुद्धलेखन, गळालेले अक्षर, अस्थानी आलेले मोठे अक्षर, छायाचित्रातील घड्याळाचे काटे, इंग्रजी वर्णमालेत ‘क्यू’चे स्थान सतरावे म्हणून जेथे जेथे दिसेल तेथे १७ हा आकडा, यांपैकी काहीही निरर्थक मानावयाचे नाही, असा त्यांचा दंडक होता. त्यास सरकारी वर्तनानेही हातभार लावला होता. ३१ मे २०१७ च्या मध्यरात्रीनंतर ट्रम्प यांच्या संदेशात ‘कव्हफेफे’ हा निरर्थक शब्द आला, तेव्हा ती उघड चूक मान्य करण्याऐवजी, राष्ट्राध्यक्षांस व मोजक्या मंडळींस त्याचा अर्थ ठाऊक आहे, असे त्यांच्या वृत्तसचिवांनी पत्रकारांना सांगितले.

या मंडळात सर्वांत वजनदार मानला गेलेला पुरावा वेळेचा होता. क्यूचा संदेश आणि ट्रम्प यांचा संदेश यांच्यामधील अंतर काही मिनिटांचे किंवा शून्य आढळले, की दोघे एकाच ठिकाणी बसलेले असले पाहिजेत, असे अनुमान काढले जाई. याचा ढोबळ हिशेब कोणासही करता येईल. ट्रम्प यांचे दिवसाला १५ संदेश धरले, आणि प्रत्येकाच्या मागेपुढे एकेक मिनिटाची मुभा दिली, तर दिवसाच्या १,४४० मिनिटांपैकी ३० मिनिटे अशी निघतात की, त्यांत पडलेला क्यूचा कोणताही संदेश जुळला असे म्हणता येईल. हे प्रमाण २ टक्के झाले, आणि ५,००० संदेशांस ते लावले असता, दोघांचा एकमेकांशी कोणताही संबंध नसताना, शंभराच्या आसपास जुळण्या पदरात पडतात. दोघेही अमेरिकन दिवसाच्या जागत्या तासांत लिहीत होते हे ध्यानात घेतले, तर ही संख्या आणखी वाढते. प्रसार झाला तो या जुळण्यांचा. न जुळलेल्या हजारो संदेशांची यादी कोणी ठेवली नाही, आणि शंभर हा आकडा फार की थोडा हे तर त्या यादीवाचून कळणे शक्यच नव्हते.

दुसरा दाखला शब्दांचा आहे. २०१८ च्या जानेवारीत एका अनुयायाने विनंती केली की, राष्ट्राध्यक्षांनी आपल्या भाषणात ‘टिप टॉप’ असा शब्दप्रयोग करून आम्हांस खूण पटवावी. त्या भाषणात तो आला नाही. पुढे एप्रिलमध्ये, ईस्टरच्या उत्सवात मुलांपुढे बोलताना, ट्रम्प यांनी तो शब्दप्रयोग केला आणि मंडळात विजयोत्सव झाला. येथे मुदत मुक्रर केलेली नव्हती, प्रसंगही मुक्रर केलेला राहिला नव्हता. शिवाय हाच शब्द ट्रम्प यांनी आदल्या ऑक्टोबरात अण्वस्त्रांविषयी बोलताना वापरलेला होता. वक्त्याच्या नित्याच्या बोलण्यातील शब्द मागावा आणि तो मिळेपर्यंत थांबावे, ही परीक्षा नापास होण्याची सोयच नसलेली परीक्षा होय.

अशा वाचनाचे मोल कोणी दिले हे मात्र सांगितले पाहिजे. २०१९ च्या एप्रिलअखेर जेम्स कोमी या एफबीआयच्या माजी संचालकांनी आपण केलेल्या पाच नोकऱ्यांची यादी ट्विटरवर दिली. वाचकांनी पाचांची आद्याक्षरे काढली, जी, व्ही, सी, एस, एफ; ती कॅलिफोर्नियातील ग्रास व्हॅली येथील एका शाळेच्या सहायक संस्थेच्या नावाशी जुळली, आणि त्या संस्थेच्या निधिसंकलनाच्या मेळ्यावर घातपात होणार असा निष्कर्ष निघाला. मे महिन्यातील तो मेळा भीतीपोटी रद्द करावा लागला. पाच इंग्रजी अक्षरांच्या रचना १,१८,८१,३७६ होतात. ही संख्या मोठी भासते खरी, परंतु इंग्रजी भाषेच्या जगातील संस्था, गावे, व्यक्ती, उत्सव आणि वाक्ये यांची आद्याक्षरे मोजू गेल्यास ती त्यांच्यापुढे थिटी पडते. पाच अक्षरे कोणतीही घ्या, ती कशाशी तरी जुळावयाचीच. शाळेतील मुलांचा आनंद या जुळणीपायी हिरावला गेला, आणि त्याचा विषाद मला हा लेख लिहितानाही वाटतो.

या सर्वांत नवीन काही असेल तर तो वेग व विस्तार. मूळ व्याधी जुनी आहे, आणि तिच्यावरील औषधही तयार आहे. शेक्सपिअरच्या नाटकांत फ्रान्सिस बेकनने आपले कर्तृत्व सांकेतिक लिपीत दडविले आहे, या मताने झपाटलेल्या मंडळींच्या संगतीत, इलिनॉय संस्थानातील रिव्हरबँक या खाजगी संशोधनकेंद्रात, विल्यम आणि एलिझबेथ फ्रीडमन या दांपत्याची संकेतलिपीशी पहिली ओळख झाली. तो दावा पोकळ असल्याचे त्यांना उमगले. परंतु ती विद्या त्यांनी टाकली नाही. पुढे जपानची राजनैतिक सांकेतिक यंत्रणा १९४० मध्ये उलगडली ती विल्यम यांच्या प्रमुखत्वाखालील तुकडीने. १९५७ मध्ये दोघांनी शेक्सपिअरविषयीच्या त्या दाव्यांवर ग्रंथच लिहिला आणि त्यात कसोटी घालून दिली: उकललेला मजकूर अर्थपूर्ण तर असावाच, पण नियम इतके निश्चित असावेत की, तेच नियम हाती दिलेल्या दुसऱ्या माणसासही तोच मजकूर मिळावा. जी रीत हवे ते उत्तर देते, तिने मिळालेले उत्तर मूळ लेखकाचे नसून वाचकाचे असते. १९९७ मध्ये ब्रेंडन मॅके या ऑस्ट्रेलियन गणितज्ञाने हेच प्रत्यक्ष करून दाखविले. बायबलमध्ये समान अंतरावरची अक्षरे वेचून राजकीय हत्यांची भाकिते शोधणाऱ्यांची रीत त्याने ‘मोबी डिक’ या कादंबरीस लावली, आणि तिच्यातून इंदिरा गांधींच्या हत्येसह अनेक हत्यांची भाकिते काढली.

राजकारणात सूचक भाषा नसतेच, असे माझे म्हणणे नाही. ती असते, आणि ती ओळखणे हे जागरूक नागरिकाचे कर्तव्यच आहे. या मंडळातील असंख्य माणसांनी रात्री जागून केलेल्या श्रमांकडे मी तुच्छतेने पाहू शकत नाही, कारण आकृती शोधण्याची जी प्रवृत्ती त्यांच्यात होती, तीच शास्त्रज्ञातही असते. दोघांत भेद पडतो तो एवढ्याच नियमाने: काय शोधावयाचे, कोणत्या मुदतीत, आणि काय आढळले असता आपण चुकलो असे मानावयाचे, हे शास्त्रज्ञाने आधी लिहून ठेवलेले असते. या नियमावाचून काय होते ते जगाने पाहिले. ६ जानेवारी २०२१ रोजी अमेरिकन संसदभवनावर चालून गेलेल्या जमावात क्यूची चिन्हे मिरविणारे लोक होते, आणि २० जानेवारीस ट्रम्प निरोपाचे भाषण करीत असताना त्यांच्यामागील १७ ध्वज मोजून अनेकांनी अखेरची आशा धरली. त्याच दुपारी सत्तांतर शांतपणे पार पडले.

गणितात संभाव्यता शिकविताना आपण फासे आणि पत्त्यांपाशी थांबतो. यापुढे वर्तमानपत्रातील आणि भ्रमणध्वनीवरील मजकूर विद्यार्थ्यापुढे ठेवून, हे जुळणे केवळ यदृच्छेने किती वेळा घडले असते, हा प्रश्न त्याच्याकडून सोडवून घेतला पाहिजे. आणि जुळलेल्या गोष्टींशेजारी न जुळलेल्या गोष्टींचा रकाना मांडण्याची सवय त्याला शाळेतच लावली पाहिजे. हे आम्हा शिक्षकांचे काम आहे, आणि ते टाळण्याची सबब आता आमच्यापाशी उरलेली नाही.