वेष्टनातले ग्रंथ आणि लेकीचे प्रश्न



ज्येष्ठ शुद्ध पंचमी म्हणजे आपली श्रुतपंचमी. धरसेन आचार्यांकडून मिळालेलं ज्ञान पुष्पदंत आणि भूतबली या मुनींनी षट्खंडागमाच्या रूपाने लिहून ठेवलं, त्याची आठवण ठेवण्याचा हा दिवस. मंदिरातले ग्रंथ बाहेर काढायचे, धूळ झटकायची, जुनी वेष्टनं काढून नवी घालायची आणि जिनवाणीची पूजा करायची. शाळा-कॉलेजंही याच सुमारास सुरू होतात. त्यामुळे घरात एकीकडे ग्रंथांना वेष्टनं आणि दुसरीकडे वह्यांना कव्हरं, अशी दुहेरी गडबड असते.

या षट्खंडागमाची एक गोष्ट मला फार विचार करायला लावते. त्यावरच्या धवला टीकेच्या ताडपत्री प्रती मूडबिद्रीत शेकडो वर्षं जिवापाड जपल्या गेल्या. यात्रेकरू लांबून यायचे, दर्शन घ्यायचे, हात जोडून परत जायचे. वाचणारं मात्र जवळजवळ कोणी नव्हतं. शेवटी हिरालाल जैन यांच्यासारख्या विद्वानाने संपादनाचं काम हाती घेतलं आणि १९३९ साली पहिला खंड आपल्या महाराष्ट्रातूनच, अमरावतीहून, छापून बाहेर आला. पुढे एकूण १६ खंड झाले. ज्यांनी जपलं त्यांचे उपकार आहेतच, पण ज्यांनी उघडलं त्यांच्यामुळे ते ज्ञान तुमच्या-माझ्यापर्यंत पोहोचलं.

मुलींच्या वाचनाबद्दल आपल्यात बोलणं निघतं तेव्हा मला हीच गोष्ट आठवते. "जास्त वाचायला लागली की मुलगी हातची जाते," असं परवाच मंदिरात एकीने म्हटलं. माझी लेक बारावीला आहे आणि भरपूर वाचते, म्हणून ते वाक्य माझ्यासोबत घरी आलं.

आम्ही वागळे इस्टेटमध्ये राहतो. १९६२ साली एमआयडीसीने सुरू केलेली ही पहिली औद्योगिक वसाहत. माझे सासरे हातकणंगल्याकडून इथल्या एका कारखान्यात नोकरीला आले तेव्हा सोबत एक ट्रंक आणि एक जिनवाणी संग्रह होता. आता अनेक कारखान्यांच्या जागी काचेच्या इमारती आणि आयटी कंपन्या आल्यात. पुस्तकांसाठी मात्र लेक शेअर रिक्षाने ठाणे स्टेशनकडे, मराठी ग्रंथ संग्रहालयात जाते. हे ग्रंथालय १ जून १८९३ रोजी सुरू झालं. ते उभं करण्यात पुढाकार घेणारे विनायक लक्ष्मण भावे तेव्हा जेमतेम एकवीस वर्षांचे होते. पुढे त्यांनीच 'महाराष्ट्र सारस्वत' लिहिलं. म्हणजे आपल्या ठाण्यातला पुस्तकांचा हा ठेवाही एका कॉलेजच्या वयाच्या मुलाने सुरू केलेला!

तिथूनच तिने कर्मवीर भाऊराव पाटलांचं चरित्र आणलं. सासूबाईंना कोण आनंद! "आमच्या कुंभोजात जन्मले ते. जैनाचं पोर!" मग दोघी मिळून वाचू लागल्या. लेक वाचायची, सासूबाई भाजी निवडत ऐकायच्या. भाऊराव शिकायला कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात होते. अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांच्या वसतिगृहाच्या समारंभाला ते गेले. परत आल्यावर अंघोळ करून मगच आत यायचं, असं त्यांना सांगण्यात आलं. त्यांनी अंघोळ करायला नकार दिला आणि त्यांना बोर्डिंग सोडावं लागलं. हे वाचून लेक थांबली आणि म्हणाली, "आज्जी, तू त्या बोर्डिंगात असतीस तर अंघोळ केली असतीस?"

सासूबाईंच्या हातातली मेथीची जुडी तशीच राहिली. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "तेव्हा? केली असती गं. आता माहीत नाही."

प्रश्न हवेतला नव्हता. कामाला येणाऱ्या मावशींचा कप आमच्याकडे पूर्वीपासून खिडकीत वेगळा असायचा. लेकीची नजर तिकडे गेली, सासूबाईंचीही गेली. कोणी काही बोललं नाही.

तत्त्वार्थसूत्रात स्वाध्यायाचे पाच प्रकार सांगितलेत, ते आपल्याला पाठशाळेपासून पाठ आहेत: वाचना, पृच्छना, अनुप्रेक्षा, आम्नाय आणि धर्मोपदेश. क्रम बघा. वाचलं की लगेच दुसऱ्या पायरीवर प्रश्न. मग त्यावर मनात चिंतन, मग पाठांतर आणि दुसऱ्याला सांगणं सगळ्यात शेवटी. आपण घरात बरेचदा उलट चालतो. मुलांना आधी उपदेश करतो, मग पाठ करायला लावतो आणि प्रश्नापर्यंत पोहोचतच नाही. आपली पुराणं तरी कशी सुरू होतात? श्रेणिक राजा प्रश्न विचारतो आणि गौतम गणधर उत्तर देतात. राजाने गप्प बसायचं ठरवलं असतं तर आपल्याकडे कथा कुठून आल्या असत्या?

आणखी एक. स्वाध्याय हे अंतरंग तपांमधलं चौथं तप. त्याच्या आधी विनय आणि वैयावृत्त्य येतात. म्हणजे विचारायचं जरूर, पण नम्रपणे, आणि माणसांची सेवा सोडून नाही. लेकीने आज्जीला टोमणा मारला असता तर गोष्ट तिथेच संपली असती. तिने विचारलं आणि उत्तरासाठी आज्जीला हवा तेवढा वेळ दिला.

हे प्रश्न एकाच दिशेला नेतात असंही नाही. क्लास संध्याकाळी साडेआठला सुटतो, त्यामुळे सूर्यास्तापूर्वी जेवण कसं जमणार हा प्रश्न होता. तिने पाठशाळेच्या ताईंना विचारलं, "आता घरोघरी इतका लख्ख उजेड आहे, मग का पाळायचं?" ताईंनी अहिंसा समजावली, संयमाबद्दलही बोलल्या. चार-पाच दिवस तिचं तिचं काहीतरी चाललं होतं. मग म्हणाली, "आई, मला डबा देत जा, मी क्लासच्या आधी खाईन." सुरुवातीला मैत्रिणींना "आज उपास आहे" असं काहीतरी सांगायची. आता सरळ सांगते, "आम्ही रात्री जेवत नाही, आणि मला ते पटलंय." डब्यात थालीपीठ असलं तर मैत्रिणीच आधी हात घालतात, तो भाग वेगळा!

मोठं होणं म्हणजे घरचं सगळं टाकून देणं नाही, आणि सगळं डोळे मिटून उचलणंही नाही. भाऊरावांनी अंघोळ नाकारली, म्हणून त्यांनी धर्म सोडला असं कोण म्हणेल? पुढे १९१९ साली त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई सोवळ्याच्या संस्कारात वाढलेल्या. पण साताऱ्याच्या बोर्डिंगात त्यांनी सगळ्या जातींच्या मुलांना आईच्या मायेने जेवू घातलं आणि धान्य संपलं तेव्हा गळ्यातलं मंगळसूत्रही काढून दिलं. ते पान सासूबाईंनी दोनदा वाचायला लावलं.

त्यानंतर महिनाभराने एका सकाळी त्यांनी मावशींना आमच्या रोजच्या कपांतल्या एका कपात चहा दिला आणि स्वतः शेजारी बसून प्यायल्या. खिडकीतल्या कपात आता तुळशीचं रोप आहे.

यंदा श्रुतपंचमीला ग्रंथांना नवी वेष्टनं घालाच. पण त्यातला एक ग्रंथ घरी आणून मुलीच्या हातात द्या. चार पानं वाचून झाली की "काय समजलं?" असं विचारू नका. "काय विचारावंसं वाटलं?" असं विचारा, आणि उत्तर तुमच्याकडे नसलं तरी तिच्याजवळ बसून राहा.