वाट मोकळी झाल्यानंतर

मेंदूची रोहिणी गुठळीने तुंबली असता जांघेतून नळी सरकवून ती गुठळी बाहेर ओढण्याची विद्या 2015 सालच्या चाचण्यांनी सर्वमान्य केली, आणि तेव्हापासून लुप्त शाखा पडद्यावर एकाएकी उमटतात त्या क्षणाचे आमच्या व्यवसायात जरा अवाजवीच कौतुक होत आले आहे. माझ्या मते या कामाचा कस त्यानंतरच्या अहोरात्रीत लागतो. कारण उपासमार झालेल्या भागात पेशींबरोबर केशवाहिन्यांच्या भिंतीही जर्जर झालेल्या असतात, आणि भेगाळलेल्या पाटात एकदम पाणी सोडावे तशी परतलेली धार त्यांना सोसवत नाही आणि रक्त मेंदूत पाझरते. गुठळी विरघळविणारे अल्टेप्लेझ आधी दिले असल्यास धास्ती वाढते: 1995 च्या अमेरिकी चाचणीत ते मिळालेल्यांपैकी शेकडा सहांहून किंचित अधिक रुग्णांची प्रकृती अशा रक्तस्रावाने बिघडली, तरी तीन महिन्यांअखेर औषधाचेच पारडे जड ठरले.

एका निवृत्त शिक्षिकाबाईंची डावी रोहिणी अशीच उघडली. लगेच काढलेल्या सीटीत खोलवर एक पांढरा डाग दिसला. तो रक्ताचा की आम्हीच सोडलेल्या डायचा, हे नुसत्या नजरेने सांगता येईना, कारण पांढरे दोन्ही दिसते, मात्र डाय दिवसा-दोन दिवसांत धुऊन जाते आणि रक्त ठाण मांडून बसते. तेवढी मुदत बाईंनी दिलीच नाही. हाक मारली असता उघडणारे डोळे काही तासांतच उघडेनासे झाले, दुसऱ्या सीटीत डाग पसरलेला दिसला, रक्त गोठविणारे फायब्रिनोजेन घसरलेले निघाले आणि ते भरून काढण्यासाठी क्रायोप्रेसिपिटेट चढवावे लागले. रक्तदाबाचा बंदोबस्त त्याहून नाजूक: वाढू द्यावा तर स्राव वाढतो, आणि फार दाबावा तर नुकताच जगविलेला भाग पुन्हा उपाशी पडतो. 2022 साली प्रसिद्ध झालेली चीनमधील एक चाचणी, वरचा आकडा 120 च्या खाली ठेवलेल्यांचे पांगळेपण अधिक निघाल्यामुळे, मुदतीपूर्वीच थांबविण्यात आली होती, हे ध्यानात ठेवूनच सिरिंज पंपावरील परिचारिका रात्रभर औषध थेंबाथेंबाने कमीजास्त करीत होती.

डाग स्थिरावला. पुढे उजवा पाय भार घेऊ लागला, हात मात्र मागे राहिला. वाचेचे म्हणाल तर सुनेला, मुलाला आणि मलाही त्या कित्येक दिवस ‘चहा’ याच एका शब्दाने संबोधीत, आणि आपण चुकलो हे तत्क्षणी उमगून संतापत. तो संताप मला शुभ वाटे, कारण चूक ओळखणारी यंत्रणा शाबूत असल्याचा तो दाखला होता.

आता प्रश्न उरला तो गुठळीच्या उगमाचा. हृदयाच्या अनियमित ठोक्यांतून ती निघाली होती, म्हणजे रक्त पातळ करणारे औषध कधीतरी सुरू करणे प्राप्तच होते. सून तारीख विचारी. मी आणखी एका सीटीचा हुकूम लिही.