पक्की शाई, कच्ची शाई

मराठीत लिहिण्याच्या सामानाची नावे पाहिली की आम्हाला गंमत वाटते. ‘शाई’ आली फारसी ‘सियाही’वरून आणि तिचा अर्थ काळेपणा. म्हणजे ‘निळी शाई’ म्हणताना आपण ‘निळा काळेपणा’ म्हणत असतो. दौत आणि कलम अरबीतून आले, कागद आणि दप्तर फारसीतून. कोल्हापुरात कुणाच्याही घरी जा, हे शब्द घरचेच आहेत. पण या निळ्या काळेपणाची खरी पारख आम्हाला झाली ती महापुरात.

आमचे अब्बा प्राथमिक शाळेत मास्तर. फाऊंटन पेनशिवाय त्यांनी कधी सही केली नाही. फडताळात कॅमल, चेलपार्क, ब्रिल, सुलेखा अशा बाटल्या एका ओळीत असत. कॅमल आपल्या महाराष्ट्रातली. दांडेकर बंधूंनी १९३१ साली शाईच्या पुडीपासून आणि गोळ्यांपासून हा धंदा सुरू केला. सुलेखा बंगालची, स्वदेशीच्या वातावरणात १९३४ साली निघालेली. आम्हा भावंडांचा एक खेळ असे. पाठकोऱ्या कागदावर प्रत्येक बाटलीतल्या शाईची एकेक रेघ ओढायची आणि वाळल्यावर कुठली कुणाची ते ओळखायचे.

वाटते तितके ते सोपे नव्हते. ओली असताना जी गडद दिसे, तीच वाळल्यावर फिकी पडे. बारीक निबातून आकाशी वाटणारी शाई जाड निबातून जांभळीकडे झुके. गुळगुळीत कागदावरचा रंग परीक्षेच्या खरबरीत पुरवणीवर वेगळाच होई. ट्यूबलाइटखाली जुळ्या वाटणाऱ्या दोन रेघा उन्हात नेल्या की वेगळ्या होत. त्यातही करडे रंग फार फसवत. काळ्या शाईत पाणी घातले की एक करडा मिळे आणि ब्लू-ब्लॅक पातळ केली की दुसरा, आषाढातल्या आभाळासारखा. शेजारी शेजारी ठेवले तर शपथेवर सांगता येणार नाही.

त्यावर अब्बांनी एक उपाय शिकवला होता. टीपकागदाची पट्टी कापायची, खालच्या टोकाजवळ शाईचा ठिपका द्यायचा आणि टोक पाण्यात बुडवायचे. पाणी वर चढते आणि शाईतले रंग आपापल्या उंचीवर जाऊन थांबतात. साध्या काळ्यातून निळा, गुलाबी, पिवळा बाहेर येई. रॉयल ब्लू पाण्याबरोबर सरळ वर पळे. जुन्या पद्धतीच्या ब्लू-ब्लॅकचा निळा वर जाई. ठिपक्याच्या जागी मात्र एक करडा डाग चिकटून राही.

त्याचे कारण साधे आहे. अशी ब्लू-ब्लॅक मायफळ आणि हिराकस यांपासून करतात. बाळगुटीत उगाळतात तेच मायफळ. त्यातला तुरटपणा आणि हिराकसातले लोह यांचा संयोग होतो, हवा लागली की तो काळा पडतो आणि कागदाच्या तंतूंत धरून बसतो. लिहिताना ती फार फिकी असते, म्हणून अक्षर दिसावे यासाठी तिच्यात निळा रंग घालतात. निळा दिसण्यापुरता, काळा टिकण्यासाठी. ‘ब्लू-ब्लॅक’ लिहिलेल्या प्रत्येक बाटलीत लोह असतेच असे नाही; काहींत नुसते दोन रंग मिसळलेले असतात. रॉयल ब्लू तर मुद्दाम धुता येईल अशीच करतात, पोरांचे सदरे खराब होऊ नयेत म्हणून. कच्चेपणा हा नेहमी दोष नसतो. आमच्या दादी आजाऱ्यासाठी बशीवर केशराच्या शाईने आयत लिहून घेत आणि ती धुऊन पाणी पाजत. ती शाई धुतली जाण्यासाठीच होती.

ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यापाशी ५५ फुटांची रेघ ओलांडली. धोक्याची पातळी ४३ फूट आहे. नदीकडच्या पेठांत पाणी शिरले, आमच्याही घरात कमरेपर्यंत चढले. लोखंडी पेटी पाण्याखाली राहिली. पाणी उतरल्यावर कागद सोडवून आम्ही बाजेवर, पंख्याखाली, दोरीवर पसरले. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला संस्थानी काळातला. शाहू महाराजांनी १९०६ साली मुस्लिम मुलांच्या शिक्षणासाठी संस्था आणि बोर्डिंग उभे केले, १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. आमच्यासारख्यांची नावे शाळेच्या रजिस्टरात आली ती त्यानंतर. त्या दाखल्यावरचा निळा पाण्यात गेला होता. नाव, बापाचे नाव, जन्मगाव, सगळे करड्या अक्षरात शाबूत होते.

अम्मीचा चौथीचा दाखला रॉयल ब्लूत लिहिलेला. त्यावर एक फिकट निळा ढग आणि छापलेले रकाने उरले. तिच्या वडिलांचे नाव तिच्या नावापुढे लिहिलेला तेवढाच एक कागद होता. लग्नानंतरच्या प्रत्येक कागदावर ती अब्बांची पत्नी आहे. ती म्हणाली, “पानी में गया सो गया, रह्या सो अपना.” आणि दोरीवरचे कागद उलटे करू लागली.

चारच महिन्यांनी, डिसेंबर २०१९ मध्ये, नागरिकत्व दुरुस्ती कायदा झाला. देशभर नागरिकांची नोंदवही होणार अशी चर्चा सुरू झाली आणि आमच्या मोहल्ल्यात जो तो पेट्या उघडू लागला. दुबार दाखल्यासाठी शाळेत गेलो तेव्हा जनरल रजिस्टरात अम्मीच्या वडिलांचे नाव ‘महमद’ निघाले. रेशनकार्डावर ‘महंमद’ होते, आधारवर ‘मोहम्मद’. गुरुजींनी कानाला आले तसे लिहिले. ते कधी मोजले जाईल असे तेव्हा कुणाला वाटले होते? इब्राहिमचा इभ्राम, हुसेनचा हुसेनसाब अशा नोंदी घरोघरी निघाल्या. प्रतिज्ञापत्रे झाली, फेऱ्या झाल्या. पुरुषांचे बहुतेक निभावले. अडकल्या त्या माहेरचा कागद नसलेल्या बायका.

जुलै २०२१ मध्ये पाणी पुन्हा आले. या वेळी पेटी माळ्यावर होती.

म्हणून वाचकांना एक विनंती आहे. निकाहनामा, जमातीचे रजिस्टर, मुलीच्या जन्माची घरातली नोंद लिहिताना शाई विचारून घ्या. रंग पाहून ठरवू नका. एक ओळ लिहा, दुसऱ्या दिवशी तिच्यावर पाण्याचा थेंब टाका आणि बघा. संगणकाचा इंकजेट छापही पुष्कळदा पाण्यात पसरतो, लेझरचा राहतो. नावाचे स्पेलिंग सगळीकडे एकच ठेवा. आणि मुलीच्या दाखल्याची एक प्रत तिच्या सासरी, एक माहेरी असू द्या.